एकवीसशे चाळीस रुपये

नोव्हेंबर लागला की माझ्या दुकानापुढच्या बाकावर सकाळी आठपासून माणसे येऊन बसतात. दुकान म्हणजे झेरॉक्स, लॅमिनेशन, लाइटबिल, ऑनलाइन फॉर्म, सगळे एकात. सोलापूरच्या पूर्व भागात असे दुकान दर दोन गल्ल्यांआड सापडेल. बाकावर विड्या वळून म्हाताऱ्या झालेल्या बाया असतात, यंत्रमागावर आयुष्य गेलेले असतात, बंद पडलेल्या मिलचे कामगार असतात. सगळ्यांचे काम एकच, हयातीचा दाखला. प्रॉव्हिडंट फंडाच्या पेन्शनवाल्यांना तो आता वर्षात कधीही काढता येतो आणि काढल्यापासून वर्षभर चालतो, हे सांगून मी दमलो. नोव्हेंबर म्हणजे नोव्हेंबर.

दाखल्याला अंगठा लागतो आणि घोळ तिथेच होतो. विडी वळणाऱ्या बाईच्या बोटावरच्या रेषा तेंदूच्या पानाने घासून गेलेल्या असतात. कांडीवाल्याच्या सुताने गेलेल्या असतात. मशिनवर अंगठा ठेवायचा, लाल दिवा लागायचा, पुसायचा, तेलाचे बोट लावायचे, पुन्हा ठेवायचा. ज्या हातांनी जास्त काम केले त्यांनाच हे यंत्र ओळखत नाही. हे मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी मला त्याचा राग येतो.

आमच्या गल्लीतल्या आप्पांचा अंगठा तर कधीच उमटला नाही. आप्पा मिलचेच, पण सुताच्या नाही, लोखंडाच्या. सोलापुरात मिल म्हटले की माणसाला जुनी मिल आठवते, १८७७ ची. आप्पांच्या वडिलांनी त्याच मिलमध्ये काम केले आणि १९६३ मध्ये ती बंद पडली तेव्हा आप्पा नऊ वर्षांचे होते. त्या धसक्याने घरात एक ठरून गेले होते, की पोराला सुतात घालायचे नाही. मग आप्पा १९८४ च्या शेवटाला ठाण्याकडच्या एका रोलिंग मिलला लागले आणि २०१२ च्या जुलैत अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर बाहेर पडले. साडेसत्तावीस वर्षांच्या वर, म्हणजे फंडाच्या भाषेत अठ्ठावीस.

“मशिन काय म्हणतंय मालक? हाय का न्हाई मी?” हा त्यांचा दर नोव्हेंबरचा प्रश्न. सोलापुरात आम्ही एकमेकांना मालकच म्हणतो, खिशात काही असो वा नसो.

२०२१ च्या नोव्हेंबरात सरकारने चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय काढली आणि माझे काम थोडे हलके झाले. मोबाइल तोंडापुढे धरायचा, डोळे मिटा म्हटले की मिटायचे, उघडा म्हटले की उघडायचे, भोवतीचे वर्तुळ हिरवे झाले की माणूस जिवंत. आप्पांचे त्यातही एकदा अडले. भट्टीच्या तापाने मोतीबिंदू लवकर पिकतो. आप्पांचा साठीच्या आतच पिकला होता, ऑपरेशन झाले, तरी उजेडाकडे बघताना ते डोळे किलकिले करतात. यंत्राला वाटते, मिटलेलेच आहेत. शेवटी मी त्यांना दुकानाच्या आतल्या अंधारात नेऊन बसवले, तेव्हा ते जिवंत निघाले.

एवढे सगळे महिना २,१४० रुपयांच्या पेन्शनसाठी. २०१२ मध्ये सुरू झाली तेव्हा २,१४०, आजही २,१४०. मध्ये एक रुपयाही वाढलेला नाही. मला जे म्हणायचे आहे ते या न हललेल्या आकड्याविषयी आहे.

हा आकडा कसा येतो ते आधी सांगतो, कारण पेन्शन कमी आहे असे म्हणणारे शंभर भेटतात आणि ती का कमी आहे हे सांगणारा एखादाच. कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला लागू झाली. मालकाच्या हिश्श्यातून पगाराच्या ८.३३ टक्के तिच्यात जातात, केंद्र सरकार वर १.१६ टक्के घालते. निवृत्तीला पेन्शन काढायची रीत अशी, की पेन्शनपात्र पगाराला पेन्शनपात्र वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. मेख आहे ती ‘पेन्शनपात्र’ या शब्दात. आप्पा बाहेर पडले तेव्हा त्यांचा पगार सोळा हजारांच्या पुढे होता. पण कायद्याने पगार मोजायचा तो ६,५०० पर्यंतच. ६,५०० गुणिले १७ वर्षे, बोनसची दोन धरली तर १९, भागिले ७०. उत्तर १,७६४. त्याच्या आधीची अकरा वर्षे जुन्या कुटुंब पेन्शन योजनेतली, त्यांचे किरकोळ काहीतरी वर पडले आणि झाले २,१४०.

ती ६,५०० ची मर्यादा २००१ च्या जूनमध्ये लागली आणि २०१४ च्या सप्टेंबरपर्यंत जागची हलली नाही. तेरा वर्षे. त्या तेरा वर्षांत सरकारी नोकरांचा महागाईभत्ता दर जानेवारी आणि दर जुलैला नव्याने ठरत होता. आप्पांच्या मिलमध्येही पगार वाढत होता, करार होत होते. फक्त पेन्शनच्या वहीत आप्पा ६,५०० चेच राहिले.

आता याच्या शेजारी दुसरी वही ठेवा. ई.एस.आय.चा, म्हणजे कामगार विमा योजनेचा, दवाखाना पगारातून पैसे कापून मिळतो आणि त्याची पात्रतेची मर्यादा २०१० च्या मे महिन्यापासून १५,००० होती. आप्पांचा पगार तिच्यावर गेला आणि कार्ड बंद झाले. पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त होणाऱ्याला वर्षाला १२० रुपये भरून नवराबायकोचा औषधोपचार मिळण्याची सोय त्या कायद्यात आहे. आप्पा निवृत्तीच्या दिवशी त्या कार्डावर नव्हते, म्हणून तीही गेली. एकाच माणसाचा एकाच महिन्याचा पगार. पेन्शन देताना एका कायद्याने तो ६,५०० धरला, औषध देताना दुसऱ्याने सोळा हजार धरला. दोन्ही वेळा आप्पांच्या विरुद्ध.

तिसरी वही राज्य सरकारची. श्रावणबाळ योजनेत निराधार म्हाताऱ्यांना महिना १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवे. आप्पांची पेन्शन वर्षाची होते २५,६८०. म्हणजे ती पेन्शन नसती तर त्यांना निदान अर्ज करता आला असता, असली म्हणून तेवढाही नाही. मी हा हिशोब त्यांना एकदा कॅल्क्युलेटरवर दाखवला. ते हसले आणि म्हणाले, “म्हंजे फंड भरला हीच चूक झाली बे.”

आप्पांच्या बायकोला गल्लीत सगळे आक्का म्हणतात. आप्पा ठाण्याला आठ जणांच्या खोलीत राहत आणि महिन्या-दोन महिन्यांनी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर बसून घरी येत, तेव्हा आक्का इथे दोन पोरे आणि सासू सांभाळून विड्या वळत होत्या. चोवीस वर्षे. विडी कामगारांनाही फंड आहे आणि हीच पेन्शन योजना आहे. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर पगार तो केवढा, त्याला वर्षांनी गुणून सत्तरने भागल्यावर आकडा पाचशेलाही पोचला नाही. १ सप्टेंबर २०१४ पासून सरकारने किमान पेन्शन १,००० केली तेव्हा आक्कांना ती मिळाली. त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले होते, हे मला चांगले आठवते. आप्पांना काही मिळाले नाही, कारण ते किमानच्या वर होते.

आज त्या घरात १,५०० रुपये येतात ते सुनेच्या खात्यात, लाडकी बहीण योजनेचे. आक्कांना ते मिळत नाहीत, कारण त्यांनी पासष्टी ओलांडली आहे. सासूला चोवीस वर्षांच्या विड्यांचे हजार आणि सुनेला काही न भरता दीड हजार. सुनेचे काढून घ्या असे मी अजिबात म्हणत नाही, त्या पैशावर पोरांच्या वह्या येतात. पण त्या घरात कधी भांड्याला भांडे लागले की हे दोन आकडे शेजारी शेजारी येतात, आणि मग सरकारचा हिशोब चुलीपाशी होतो.

मला या प्रश्नाविषयी बोलणाऱ्यांचे एक खटकते. पेन्शन म्हटले की आपण एकटा म्हातारा डोळ्यापुढे आणतो, काठी टेकत बँकेत जाणारा. प्रत्यक्षात थिजलेल्या पेन्शनचे बिल त्याच्या नावाने फाटत असले तरी भरणारे दुसरेच असतात. त्या घरात महागाईभत्ता कोण देते ते मी बघितले आहे. अडुसष्टाव्या वर्षी आक्का पहाटे पाचला उठून कडक भाकऱ्या थापतात. शेंगाचटणीबरोबर पाकिटात घालून सोलापूरची जी कडक भाकरी पुण्या-मुंबईला विकली जाते, ती अशा घरांतून निघते. ज्वारीचे पीठ, पाणी, परातीवर हाताची थाप, तव्यावरून काढून पुन्हा मंद आचेवर पापडासारखी होईपर्यंत वाळवायची. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, म्हणून पिंपात साठवलेले जपून वापरायचे. गॅस परवडत नाही, तर चुलीवर. आप्पांच्या पेन्शनला जो भत्ता सरकारने दिला नाही तो आक्का रोज सकाळी थापतात. सरकारच्या कुठल्याही वहीत ही रक्कम दिसणार नाही.

आप्पांनीही हातपाय हलवले. निवृत्तीच्या हिशोबात ग्रॅच्युइटी आली, फंड आला. त्यातले निम्मे मुलीच्या लग्नात गेले, निम्म्यात घरावर स्लॅब पडला. मग ते जुळे सोलापूरकडे एका बांधकामावर राखणदार म्हणून राहिले. मी एकदा त्यांना डबा द्यायला गेलो होतो. सळयांची गाडी उतरत होती. आप्पांनी एक सळई उचलली, तिच्यावरच्या उंचवट्यांवरून नख फिरवले, टोक बघितले आणि म्हणाले, “ही थंडीत वढलीय.” मला काही कळले नाही. मग त्यांनी जे सांगितले ते मला नोकरीच्या कुठल्याही दाखल्यावर वाचायला मिळाले नसते. भट्टीतून बिलेट, म्हणजे लोखंडाचा लांब ठोकळा, निघते तेव्हा ते पिवळेजर्द असते, लिंबासारखे. तेवढ्यात ते पहिल्या रोलमध्ये घालायचे. केशरी पडायला लागले की उशीर झाला, लाल पडले की रोल ओरडतात. पलीकडच्या बाजूला चिमटा घेऊन उभ्या असलेल्या माणसाने रोलमधून निघालेले तोंड पकडायचे आणि वळवून पुढच्या खाचेत घालायचे. एक पाळी, म्हणजे आठ तास, हेच. मिनिटाला कितीदा हे त्यांनी मोजले नव्हते. कधी सळई खाचेतून निसटते आणि सापासारखी उधळते, तिला ते लोक कोबल म्हणतात. आप्पांच्या डाव्या पोटरीवर तिची खूण आहे, वीतभर, चकचकीत. ती खूण त्यांनी मला पायजमा वर करून दाखवली आणि लगेच खाली केला, जणू काही खाजगी दाखवले.

राखणदारी चार वर्षे चालली. रोलिंग मिलच्या आवाजाने कान गेलेलेच होते, ते वयाबरोबर आणखी गेले. रात्री गाडी आली तरी हॉर्न ऐकू येईना, तेव्हा त्यांना नको म्हणून सांगितले. आता ते घरी असतात आणि टीव्ही एवढा मोठा लावतात की नातवाचा अभ्यास होत नाही. सून आवाज कमी करते, ते वाढवतात. कानाचे यंत्र घ्या म्हणून मी सुचवले तर किंमत ऐकून म्हणाले, त्यापेक्षा टीव्ही मोठा बरा.

आता समोरच्या बाजूचे म्हणणे. ते खोटे नाही, म्हणून ते नीट ऐकले पाहिजे. आमच्या गल्लीत एक शिक्षक राहतात. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले कर्मचारी संपावर गेले, त्यात ते होते, आणि त्यांना माझा पाठिंबा होता. मी त्यांना म्हटले, सर, तुमच्या घोषणांत एकदा तरी आमच्या आप्पांचे नाव घ्या. ते म्हणाले, “तुमच्या फंडवाल्यांनी भरले किती, ते बघा की.” बघितले. ६,५०० वर ८.३३ टक्के म्हणजे महिना ५४१ रुपये. सरकारचे १.१६ टक्के म्हणजे ७५ रुपये. एवढ्याशा भरण्यावर मोठी पेन्शन कुठून देणार, फंड बुडेल, हे त्यांचे म्हणणे आणि कामगार खात्याचेही वर्षानुवर्षे तेच म्हणणे आहे.

पण भरणा लहान ठेवला कोणी? आप्पांनी कधी म्हटले नव्हते की माझ्या पूर्ण पगारावर कापू नका. मर्यादा सरकारने घातली, ती तेरा वर्षे सरकारने हलवली नाही, मालकांना ती सोयीची होती आणि युनियनवाल्यांचे लक्ष दिवाळीच्या बोनसवर होते. हे शेवटचे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे दोष फक्त दिल्लीला देण्याची सवय आहे. ज्या माणसाला हिश्शाचा आकडा एकट्याने ठरवायचा अधिकारच नव्हता, त्याला आता तू कमी भरलेस म्हणायचे, हा कुठला न्याय? आणि पूर्ण पगारावर वर्गणीचा हक्क सांगून काही लोक न्यायालयात गेलेच. ४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्याचा उपयोग मुख्यतः ज्यांच्याकडे कागद होते, वकील होते, ज्यांना फरकाची रक्कम एकदम भरता येत होती त्यांना. आणि पूर्ण पगारावर वर्गणीचा पर्याय न देता २०१४ च्या सप्टेंबरआधी निवृत्त झालेल्यांना त्या निकालाने दारच बंद केले. आप्पा त्यांतले.

१७ डिसेंबर १९८२ च्या नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिशी नाही, केलेल्या कामाचे ते देणे आहे. तो खटला सरकारी पेन्शनरांचा होता. पण देणे म्हटले की त्याची किंमत राखणेही आले. मी तुमच्याकडून शंभर किलो ज्वारी उसनी घेतली आणि वीस वर्षांनी पन्नास किलो परत केली, वर म्हणालो पोती तेवढीच आहेत, तर सोलापूरच्या बाजार समितीत मला कोणी उभे करणार नाही. महागाईचा सरकारी निर्देशांकच घेतला तर २०१४ मधल्या हजार रुपयांची किंमत आज सहाशेच्या आसपास आहे. तोच निर्देशांक लावत गेले असते तर आप्पांचे २,१४० आज चार हजारांच्या घरात असते. कोणी नवे काही दिले असते असे नाही. जे ठरले होते तेच राहिले असते.

म्हणून बुलढाण्यात २०१८ च्या डिसेंबरपासून जे पेन्शनर साखळी उपोषणाला बसले, त्यांच्याविषयी मनात पूर्ण आदर ठेवून माझा थोडा मतभेद आहे. त्यांची मागणी किमान ७,५०० आणि त्यावर महागाईभत्ता. सभांतून, बॅनरवर मोठ्या अक्षरात येतो तो ७,५०० चा आकडा, भत्ता मागून येतो. माझ्या मते क्रम उलटा हवा. किमान आकडा कितीही मोठा मिळाला तरी तो दहा वर्षांत आक्कांच्या हजारासारखाच होणार. २०१४ ला हजार मिळाले तेव्हा जिंकलो असे वाटले होते ना? भगतसिंह कोश्यारी, पुढे आपले राज्यपाल झाले तेच, यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच ३,००० ची शिफारस केली होती. ते ३,००० तेव्हा मिळाले असते आणि पुढे हलले नसते, तर आज आपण त्याच जागी बसून दुसऱ्या आकड्यासाठी भांडलो असतो.

७,५०० च्या आकड्यात आणखी एक गोम आहे. आजची मर्यादा १५,००० आहे. ज्याने तेहतीस वर्षे सलग नोकरी केली आणि बोनसची दोन मिळवली, त्याला १५,००० गुणिले ३५ भागिले ७०, म्हणजे बरोबर ७,५०० मिळतील. दहा वर्षे भरणाऱ्यालाही ७,५०० आणि आयुष्यभर भरणाऱ्यालाही तेवढेच, हे आप्पांसारख्या माणसाला पटत नाही. त्यांना मी विचारले. ते म्हणाले, “ज्यानं जास्त हीट काढल्या त्याला जास्त. ह्यात काय इचारायचं?” हीट म्हणजे भट्टीची एक खेप.

माझा हिशोब दुकानातल्या कॅल्क्युलेटरचा आहे, पण तो असा. आधी सर्व पेन्शनना वर्षातून एकदा महागाईची सांगड घाला, किमानच्या वरच्यांनाही. मग किमान रक्कम वर्षांवर ठरवा. सेवेच्या दर वर्षामागे दीडशे रुपये धरले तर वीस वर्षांचे कोश्यारी समितीइतके ३,००० होतात, आक्कांच्या चोवीसचे ३,६००, आप्पांच्या अठ्ठावीसचे ४,२००. हे ऐषारामाचे आकडे नाहीत. केंद्र सरकारच्या नोकराची किमान पेन्शन २०१६ पासून ९,००० आहे आणि भत्ता वर. पैसा कुठून, तर अर्थसंकल्पातून. हजाराची किमान पेन्शन देताना कमी पडणारे पैसे केंद्र सरकार तिजोरीतूनच घालते, म्हणजे वाट मळलेली आहे. योजनेचे पेन्शनर देशात ७८ लाखांच्या वर आहेत, तेव्हा खर्च मोठा होईल हे उघड आहे. पण तो आजही होतोच आहे. आक्कांच्या परातीतून होतो आहे, एवढेच. (आमदार-खासदारांच्या पेन्शनची तुलना मी जाणूनबुजून करत नाही. त्या वाक्याला टाळ्या पडतात आणि टाळ्या वाजवून लोक घरी जातात.)

“मुले आहेत की सांभाळायला” असेही ऐकू येते. आप्पांचा मुलगा चाकणला आहे, प्रेसशॉपमध्ये, कंत्राटी. तिथल्या भाड्यात बायकापोरांना ठेवणे जमत नाही, म्हणून सून आणि नातवंडे इथे आणि तो तिथे पाच जणांच्या खोलीत. बाप सिद्धेश्वरने यायचा, पोरगा मिळेल त्या गाडीने येतो. चाळीस वर्षांत या घरात एवढाच फरक पडला. तो सांभाळत नाही असे नाही, महिन्याला जमेल तसे पाठवतो. पण एका पगारात दोन पिढ्या ओढायच्या म्हणजे त्याच्या स्वतःच्या म्हातारपणाचे पैसे आजच खर्च होतात.

ते कसे, ते गेल्या आठवड्यात माझ्याच टेबलावर दिसले. त्याचा फोन आला. कंत्राटदार बदलला होता. नव्या कंत्राटदाराकडे सगळे नव्याने सुरू, म्हणून जुना फंड काढायचा आहे, आप्पांच्या दाताचे आणि पोरीच्या शाळेचे एकदम आले आहे, तर १०-सी भरून दे, म्हणाला. १०-सी म्हणजे पेन्शनचे पैसे काढून घेण्याचा फॉर्म. दहा वर्षे पुरी व्हायच्या आत काढले तर वर्षे पुसली जातात, पुन्हा शून्यापासून. याआधी दोनदा असे झालेले आहे. तो आज चाळिशीला आला, पेन्शनच्या वहीत त्याची जमा वर्षे आहेत सहा. आता हीही गेली तर अठ्ठावन्नपर्यंत सलग नोकरी मिळाली तरी बापाइतकी होत नाहीत.

मी त्याला म्हटले, काढू नको, नवीन ठिकाणी वर्षे जोडून घेता येतात, मी करून देतो. तो म्हणाला, “दादा, मला कळतंय. पण दात जोडून घेता येतात का?” मग म्हणाला, आप्पांना सांगू नका.

आप्पा त्या वेळी दुकानातच होते, बाकावर, हयातीचा दाखला हातात घेऊन. कान गेल्यामुळे त्यांना काही ऐकू आले नाही. दाखल्याचे तीस रुपये त्यांनी मोजून टेबलावर ठेवले. मी नको म्हणालो, तर ते नेहमीप्रमाणे रागावले आणि ते तीस रुपये १०-सीच्या फॉर्मवर सरकवून निघून गेले. फॉर्म भरलेला आहे. संध्याकाळपर्यंत पाठव म्हणाला होता, मी अजून बटण दाबलेले नाही.